नानांच्या खांद्याजवळचा दयाळ

धुळ्याच्या त्या बागेत सिमेंटचं एक हरीण होतं. एक शिंग पोरांनी मोडलेलं, डोळ्यांच्या जागी कुणीतरी काचेच्या गोट्या चिकटवलेल्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नोकरीपायी मी जळगावहून धुळ्याला आलो, तेव्हा पहिले कित्येक महिने माझी त्या शहरात ओळख म्हणाल तर त्या हरणाशी. सकाळी आत शिरलो की मी त्याच्या पाठीवर थाप मारायचो. बाकी बोलणं म्हणजे ऑफिसात 'फाइल पुढे पाठवा' आणि खानावळीत 'भाजी तिखट आहे'. शेवभाजीबद्दल ही तक्रार करणारा माणूस खान्देशात किती एकटा पडतो, हे खान्देशातल्या वाचकाला सांगायला नको.

जळगावात घर होतं, म्हणजे मोठ्या भावाचं घर होतं. सुरुवातीला दर शनिवारी एसटीने पारोळ्यावरून जायचो. वहिनी आनंदाने वाढायची, पुतणे मांडीवर चढायचे, आणि रात्री माझी गादी पुढच्या खोलीत पडायची. पाहुण्यांची पडते तिथे. कुणाचं काही चुकलं नव्हतं. पण त्यानंतर मी महिन्यातून एकदाच जायला लागलो आणि उरलेले रविवार बागेला दिले.

त्यातच मी कॅमेरा घेतला. भावाच्या एका मित्राचा, वापरलेला, रशियन बनावटीचा. विटेएवढा जड, आणि बटण दाबलं की अडसर पडल्यासारखा आवाज. सोबत एक लांब नळीचं भिंग होतं. माणसांचे फोटो काढायला माणसं लागतात, म्हणून मी पक्ष्यांकडे वळलो. बुलबुल, शिंपी, साळुंक्या, नाचण, सगळी रोजचीच मंडळी. कुणी दूरदेशीचं नाही. यांच्याकडे कुणी कधी मान वर करून बघत नाही, म्हणून मला ती जवळची वाटली असावीत.

पहिला रोल धुऊन आला. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत फांद्या होत्या. पक्षी नुकताच उडून गेलेल्या फांद्या. स्टुडिओवाल्याने त्या काउंटरवर पत्त्यांसारख्या मांडल्या आणि हळूच विचारलं, "भाऊ, झाडं विकत घ्यायची आहेत का?"

हा स्टुडिओ बाजारामागच्या बोळात होता. लग्नं, पासपोर्ट, मुलीच्या स्थळासाठी उभा फोटो, आणि चौथा प्रकार म्हणजे 'मोठा'. मोठा म्हणजे बारा बाय पंधराचा, काळ्या काठाच्या फ्रेममधला, जो भिंतीवर जातो आणि ज्याला हार पडतो. आमच्याकडे जिवंत माणसाचा इतका मोठा फोटो करायची पद्धत नव्हती. मालक मेहनती माणूस होता. बारीक ब्रश घेऊन तो मेलेल्यांच्या गालांवरचे देवीचे व्रण पुसायचा, विस्कटलेले केस बसवायचा, कधी उघड्या गळ्याला कोट घालायचा. ही पद्धत मला पूर्ण ठाऊक होती, एवढं लक्षात ठेवा.

आता नाना.

नाना जिल्हा कोर्टातून रिटायर झालेले पट्टेवाले. आयुष्यभर कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा केलेला. अंगकाठी छडीसारखी, आवाज मात्र नगाऱ्याचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुरतला यंत्रमागाच्या कारखान्यात, नाना दोन खोल्यांत एकटे. बागेतल्या गळक्या नळासमोरचं बाक त्यांचं होतं. उन्हाळ्यात सगळी बाग करपली तरी त्या नळाखाली हातभर हिरवं असायचं, आणि पाखरं अंघोळीला तिथेच उतरायची. म्हणून मीही एक दिवस त्या बाकासमोर जाऊन उकिडवा बसलो.

"काय हरपनं?" वरून आवाज आला.

"काही हरवलं नाही. फोटो काढतोय."

"कोना?"

मी बोट दाखवलं. दिव्याच्या खांबावर दयाळ बसला होता. काळाभोर कोट, पांढरं पोट, शेपटी ताठ उभी, आणि गळा सैल सोडून गाणं चाललेलं. दयाळाचं गाणं ऐकलं नसेल तर उद्या पहाटे उठा. शीळ घालतो, थांबतो, आपण काय बोललो ते जरा आठवतो, आणि तीच शीळ वेगळ्या तऱ्हेने पुन्हा घालतो.

नानांनी डोळे बारीक करून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हाई तं वकील शे," ते म्हणाले. "काया कोट, धवय्या शर्ट. आनि सकायपाईन बोलस, बोलस, थांबाले तयार नई."

आणि मग, मी कॅमेरा डोळ्याला लावतो न लावतो तोच, त्यांनी छाती भरून कोर्टाच्या दारातली आरोळी दिली. "वकीलसाहेब, हाजिर होऽऽ!"

वकीलसाहेब जे उडाले ते थेट कचेरीच्या दिशेने. मला मिळाला खांब.

असं आमचं जमलं. त्यांना माझ्या पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. सातभाई म्हणजे कोर्टाच्या आवारातले साक्षीदार, कारण सगळे एकदम बोलतात. साळुंकी म्हणजे टायपिस्ट. शिंपी पक्ष्याला ते शेवटपर्यंत चिमणीचं पिल्लूच म्हणत राहिले. मी चार वेळा समजावलं, तरी नानांनी ते मनावर घेतलं नाही. पण रोज सकाळी मी फाटकातून आत आलो की ते बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घ्यायचे. जागा करायचे. धुळ्यात माझ्यासाठी जागा करणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि मी हे त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

एके सकाळी पिशवी बाकावरच राहिली. मी उभाच. नाना नळाकडे बघत होते.

"पोऱ्या म्हनस, घर इकी टाक, सुरतले चाल."

घर विकून सुरतेला चला, असं मुलगा आधीही म्हणाला होता. मागच्या खेपेला त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि मुलगा वाढलेल्या ताटावरून उठून गेला. आता त्याने निरोप पाठवला होता की येत्या रविवारी येतो, हो की नाही ते शेवटचं सांगा.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय सांगू? तथा माले कोन वयखस?" तिथे आपल्याला कोण ओळखतं, असं म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

मी बसलो आणि त्या क्षणापासून सुरतेविरुद्ध आघाडी उघडली. काय काय बोललो! तिथलं पाणी मचूळ. तिथे डाळीत साखर घालतात. यंत्रमागाच्या खडखडाटात सुरतेच्या पाखरांनी गाणं सोडून दिलंय. शेवटचं मी जागेवर रचलं होतं. नाना गंभीरपणे ऐकायचे, मान डोलवायचे, आणि थोड्या वेळाने विचारायचे, "पन नातू शे ना तथा?"

नातवाच्या तोडीचं काहीतरी शोधायला हवं होतं. मग सुचला फोटो. नानांच्या खोलीची भिंत कोरी होती. म्हटलं, तिथे त्यांच्या वकिलाचा एक झकास फोटो लावू, मोठा, दारातून आत येणाऱ्याला पहिला दिसेल असा. रविवारी मुलगा येईल, बघेल, आणि त्याला कळेल की या माणसाचं इथे काहीतरी आहे. नानांनाही कळेल. हे सगळं मला तेव्हा फार अक्कलहुशारीचं वाटलं.

सोमवारी वकीलसाहेब कॅमेऱ्याच्या टप्प्यात आले नाहीत. मंगळवारी मी नानांना हात जोडले. "नाना, आज काहीही होवो, तोंड उघडायचं नाही." त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे ताठ बसले. मी दहा-बारा फुटांवर उकिडवा. नळाचं पाणी ठिबकत होतं. आणि तो आला. आधी चिखलात उतरला, एक किडा टिपला, दोन उड्या मारल्या, आणि तिसऱ्या उडीला सरळ बाकाच्या पाठीवर. नानांच्या उजव्या खांद्यापासून वीतभर अंतरावर.

नानांना तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. छातीत आरोळी तयार झालेली मला स्पष्ट दिसत होती, गळ्याची शीर फुगली होती, पण माणूस हलला नाही. चेहऱ्यावर अशी काही कळा आली, जणू आता न्यायाधीश निकाल वाचणार. दयाळाने शेपटी उभारली, चोच उघडली आणि नानांच्या कानाशी गायला सुरुवात केली. मी बटण दाबलं. अडसर पडला. तो उडाला.

"गया?" नानांनी ओठ न हलवता विचारलं.

"गेला. पण आला, नाना! फोटोत आला!"

त्याच दुपारी ऑफिसातून निसटून मी स्टुडिओ गाठला, मालकाच्या उरावर बसून रोल धुऊन घेतला. दिव्यासमोर निगेटिव्ह धरली आणि नाचायचाच राहिलो. नाना आणि दयाळ, दोघेही पिसापिसापर्यंत स्वच्छ.

"याचा मोठा करा," मी म्हणालो. "बारा बाय पंधरा. चांगली फ्रेम घाला. आणि शनिवारच्या आत पाहिजे, उशीर नको."

मालकाने निगेटिव्ह बराच वेळ पाहिली. "चेहरा शांत आलाय," तो म्हणाला. "राहायला कुठे?"

मी उत्साहाने पत्ता दिला, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसकट.

"घरात कोण?"

"कुणी नाही हो. एक मुलगा, तो सुरतला."

त्याने च् च् केलं, काउंटरच्या आतून हात लांबवून माझ्या खांद्यावर ठेवला आणि जरा दाबला. मला वाटलं, एका कलावंताने दुसऱ्याला दिलेली ही दाद. मी छाती फुगवून बाहेर पडलो.

म्हातारा माणूस, मोठा फोटो, फ्रेम, घाई. त्या बोळात याचा दुसरा अर्थ होत नव्हता. मालकाच्या शेजारच्या दुकानात पारोळ्याचा एक शिंपी होता, नानांच्या भाऊबंदांतला. मालकाने कर्तव्य म्हणून त्याला सांगितलं. शिंप्याने कर्तव्य म्हणून पारोळ्याला निरोप धाडला आणि तारघरात जाऊन सुरतेला कारखान्यात फोन लावला. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. बुधवारी माझी रात्र छान गेली.

गुरुवारी सकाळी बागेतून निघताना नाना म्हणाले, चहा घेऊन जा. वाटेत त्यांनी दूध घेतलं. आम्ही गिरणीच्या कोपऱ्यावर आलो आणि बायकांचा रडण्याचा आवाज कानावर आला. आमच्याकडे दारावर भेटायला येणाऱ्या बायका गल्लीच्या तोंडाशीच सूर लावतात, घरापर्यंत तो चढत जातो. पुढे टेम्पो उभा होता. पांढऱ्या टोप्या, खांद्यावर उपरणी. सगळे नानांच्याच गल्लीत वळत होते.

"कोन मरनं?" नाना म्हणाले. गल्लीतल्या म्हाताऱ्यांची त्यांनी मनातल्या मनात हजेरी घेतली. मग दुधाची पिशवी माझ्या हातात दिली, टोपी काढली, आणि खाली मान घालून त्या गर्दीच्या शेवटी जाऊन उभे राहिले. सरळ साध्या रीतीने माणूस आपल्याच दारावर गेला.

पुढचा एक जण मागे न बघता त्यांना म्हणाला, "भला मानूस व्हता."

"कोन?" नानांनी विचारलं.

त्याने मान वळवली. त्याचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. तो बाजूला सरला, त्याच्या पुढचा सरला, आणि गर्दीत वाट पडत पडत थेट उंबऱ्यापर्यंत गेली. उंबऱ्यावर नानांची पारोळ्याची चुलतबहीण, भाऊबंदांत सगळ्यांची अक्का, कपाळावर हात मारून रडत बसली होती. तिने वर पाहिलं. सूर एका क्षणात तुटला.

"मी मरेल नई शे, अक्का," नाना म्हणाले. "जित्ता शे."

अक्का उठली. वाटलं, गळ्यात पडेल. तिने नानांच्या दंडावर फाडकन चापट मारली. "जित्ता शे तं मंग आम्ही रडनूत कोनाले? सकायपाईन चहा नई पोटमा!"

हशा पिकला तो पार रस्त्यावर ऐकू गेला असेल. दूध माझ्या हातात होतंच. चूल पेटली. दाराला कुलूप पाहून शेजाऱ्यांचाही विश्वास बसला होता. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून त्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती, ती नानांनी स्वतः मांडी घालून खाल्ली आणि तिखट कमी असल्याचं सांगितलं. कोर्टातले दोन जुने सोबती आले होते, त्यांतल्या एकाशी नानांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. तो म्हणाला, "मेला असतास तर बोललोच नसतो." नानांना इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं. मला हळूच म्हणाले, "देख भो, बठ्ठा उनात." आणि मीही मनात नाचलो. सगळे आले! आता हा माणूस धुळं सोडतोय कशाला?

एवढ्यात स्टुडिओचा मालक आला. दुःखाच्या घरी फ्रेम स्वतः नेऊन द्यायची त्याची पद्धत. हातात बारा बाय पंधरा, त्यावर चंदनाचा हार. त्याने नानांना पाहिलं आणि फ्रेम छातीशी धरली. मग मी पुढे झालो, फ्रेम घेतली, हार बाजूला केला.

नाना होते. अंगात कोट आला होता. डोक्याभोवती फिकट प्रकाशाचं वर्तुळ. आणि खांद्याजवळ बाकाची पाठ, गुळगुळीत, रिकामी.

"पक्षी कुठे गेला?" मी किंचाळलोच.

"कावळा होता हो साहेब," मालक कळवळून म्हणाला. "अशा फोटोत बरा दिसत नाही. मीच काढून टाकला, सफाईने."

पुन्हा हशा. अक्का डोळे पुसत हसत होती. त्या हसण्यातच सुरतेचा मुलगा दारात येऊन उभा राहिला.

तो रात्रभर उभ्याने प्रवास करून आला होता. डोळे लाल, केसांत कापसाचे तंतू, एका पायातली चप्पल तुटलेली म्हणून हातात. त्याने आत पाहिलं. हार, फोटो, आणि फोटोच्या बाजूला भाकरीचा तुकडा मोडणारे नाना. आम्हाला वाटलं, हाही हसेल. तो उंबऱ्यावर खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड खुपसून रडायला लागला. अक्काच्या रडण्याला सूर होता, याच्या रडण्याला नव्हता.

अक्काने हातातला कप खाली ठेवला.

"मी जेवलो नव्हतो ना, नाना," तो गुडघ्यांतूनच म्हणाला. "त्या दिवशी. ताटावरून उठलो. रस्ताभर मला तेच दिसत होतं. तुम्ही ताट धरून उभे."

हातातला तुकडा नानांनी खाली ठेवला, दुसरं ताट ओढलं, त्यात भाकरी कुस्करली, वर पिठलं घातलं. "पयले जेव," म्हणाले.

मुलगा जेवत होता तोवर नाना त्याच्याकडे बघत होते. मी नानांकडे. त्या ताटातला शेवटचा घास संपला तेव्हा मला कळून चुकलं होतं. मी कॅमेरा घेऊन हळूच निघालो, तर नाना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. त्यांनी अजून टोपी घातली नव्हती.

"जाई ऱ्हायनू भो," ते म्हणाले. "सुरतले."

मी म्हणालो, "तिथे डाळीत साखर घालतात."

"खाई लिसू," नाना म्हणाले. खाऊन घेईन.

रविवारी सकाळी मी स्टँडवर गेलो. दोन ट्रंका टपावर चढल्या. फ्रेम नानांनी मुलाच्या हातात दिली होती. त्या कोटावर त्यांचा जीव जडला होता, आयुष्यात कधी घातला नव्हता म्हणाले. मी मालकाकडून साधा छोटा प्रिंट काढून आणला होता, वकिलासकट. तो त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला. मुलाने माझा हात धरून सुरतेला यायचं आमंत्रण दिलं, मनापासून. मी हो म्हणालो, मनापासूनच. मी कधी गेलो नाही.

गाडी सुरू झाली. नाना खिडकीत होते. शेवटी ते म्हणाले, "जाय भो आते. हापिसले उशीर व्हई."

"हो, निघतो," मी म्हणालो. रविवार होता, ऑफिस बंद होतं.

गाडी साक्रीच्या रस्त्याला लागेपर्यंत दिसत होती. मग फलाटावर दुसरी गाडी येऊन लागली, माणसं उतरली, माणसं चढली. कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत मारून दारात उभा राहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "कुठं जायचंय भाऊ? चढा लवकर."

"कुठे नाही," मी म्हणालो. "सोडायला आलोय."

त्याने माझ्या आजूबाजूला पाहिलं. कुणीच नव्हतं. मग त्याने घंटी वाजवली.